साउंडबार आणि आमची बाजारातली मराठी

अगं, लांबून काय विचारतेस? जवळ ये बघू. तीन-तीन महिने मावशीला फोन नाही, आणि मग एक दिवस चार स्पीकरांचे फोटो पाठवायचे, खाली लिहायचं, "मावशी, हॉलसाठी कोणता घेऊ? पटकन सांग." ना मावशी कशी आहेस, ना काका कसे आहेत. तू तिकडे पुण्यात, मी इकडे चंदीगडात, तेव्हा जवळ ये म्हणजे फोन बाजूला ठेव आणि हे पत्र नीट बसून वाच. पटकन सांगण्यासारखं यात काही नाही. या स्पीकरच्या भानगडीत मी कोणाकोणावर संशय घेतला आणि कुठे तोंडावर आपटले, ते ऐक, मग काय घ्यायचं ते घे.

आमच्याकडे सुरुवात झाली टीव्हीच्या आकड्यावरून. रिमोट दाबला की पडद्याच्या तळाशी आवाजाचा आकडा येतो ना, तो. आधी अठरावर बातम्या छान ऐकू यायच्या. मग बावीस झाले. मग एकदा घरी पाहुणे होते म्हणून तीसवर नेला, पाहुणे गेले तरी तो खाली उतरला नाही.

मी म्हटलं, "अहो, किती मोठा लावलाय!"

तर हे म्हणाले, "अगं, या नव्या टीव्हींना आवाजच नसतो. पापडासारखा पातळ टीव्ही, त्यात स्पीकर बसवणार कुठे? मागच्या बाजूला, खाली तोंड करून बसवतात. आवाज भिंत ऐकते, आपल्याला उरलंसुरलं."

तुला माहीत आहे, तुझे काका नोकरीभर तीस सेक्टरच्या सरकारी प्रयोगशाळेत यंत्रं तपासत आले. यांनी एखाद्या यंत्रात खोट आहे म्हटलं की मी सातवी शिकलेली बाई काय बोलणार? पण मनात पाल चुकचुकली.

आम्ही एकोणचाळीस सेक्टरमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो. खालच्या पंजाबी भाभी जिन्यात भेटल्या, हसत म्हणाल्या, "भाभीजी, हमने तो अपना टीवी लगाना ही छोड़ दिया. आप ही का सुन लेते हैं." मीही हसले. घरात येऊन दार लावलं आणि लक्ष ठेवायला लागले.

कुकरची शिट्टी यांना ऐकू येत होती. दारावरची बेल येत होती. मी स्वयंपाकघरातून "चहा टाकू का?" विचारलं की उत्तर नाही. दारात येऊन उभी राहिले की लगेच, "टाक ना." मला आधी वाटलं, हा मुद्दामचा बहिरेपणा. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तेवढी कला येतेच. पण मग आमच्या लेकीचा फोन आला की हे दोन वाक्यं बोलायचे आणि "घे, तुझ्याशी बोलायचंय तिला" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. पूर्वी मला फोन मिळायचा नाही, इतके गप्पा मारायचे दोघं. म्हटलं, बाप-लेकीचं काहीतरी बिनसलंय आणि दोघंही मला सांगत नाहीत.

एकदा तिला सरळ विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. इथली शाळा, इथल्या मैत्रिणी, काय करणार.

"नहीं तो मम्मी, कुछ नहीं हुआ," ती म्हणाली. "बाबा ही दो मिनट में फ़ोन आपको पकड़ा देते हैं. मुझे लगा वो नाराज़ हैं."

म्हणजे ती समजते बाबा रागावलेत, मी समजते ही दोघं भांडलीत, आणि हे सोफ्यावर बसून टीव्ही बत्तीसवर नेतायत. तिसरी एक शंका होती, ती मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारत नव्हते. यांचे कान जात असले तर? आणि यांना ते ठाऊक असून माझ्यापासून लपवत असले तर? एकदा विचारायचा प्रयत्न केला होता. "माझ्या कानांना काय धाड भरलीय?" म्हणून जे उठून गेले, ते जेवायलाच आले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग उन्हाळ्यात लेकीने कुरियरने एक गोल स्पीकर पाठवला. टीव्हीला जोडायची तारबिर नाही, विजेची पिन तेवढी, लाडवाच्या डब्याएवढा, आणि विचारलं की बोलतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जो विचारल्यावर उत्तर देतो, तो न विचारता ऐकतही असणार की नाही? सांग तू. मी त्या खोलीत जावयाबद्दल एक शब्द बोलायची नाही. काम नसलं की त्याची पिन काढायची आणि वर क्रोशाचा रुमाल घालायची.

हे म्हणाले, "थंडी वाजते का गं त्याला?"

"चेष्टा करू नका. नको तिथे कान असलेली वस्तू आहे ती."

एक दिवस त्याला हवामान विचारलं. तो बाईच्या आवाजात सांगायला लागला. हे त्याच्यासमोरच बसलेले, पण बघत होते माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे. आणि मला म्हणाले, "काय म्हणाला?" मी म्हटलं, पाऊस नाही. "पुटपुटतो मेला," हे म्हणाले. "असले खेळण्यातले स्पीकर काय कामाचे? आपण चांगला साउंडबार घेऊ. टीव्हीखाली ठेवायचा, लांब पट्टीसारखा. आवाज समोरून अंगावर येतो."

मला तो बेत बरा वाटला, खरं सांगते. कारण साउंडबार आणूनही आकडा खाली आला नाही, तर खोट टीव्हीत नाही हे यांनाही कबूल करावं लागणार होतं. म्हणजे बघ, मी स्पीकर आणायला निघाले होते तो पुरावा म्हणून.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने आम्हाला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि हेलिकॉप्टर सोडलं. छतावरून गेल्यासारखं वाटलं. मग स्फोट. सोफ्याखाली एक वेगळा काळा डबा होता, नुसता घुमण्यासाठी, त्याने माझ्या पोटातलं पाणी हललं.

हे म्हणाले, "न्यूज़ लगाओ."

"सर, न्यूज़ पे क्या पता चलेगा?"

"बेटा, सुननी तो न्यूज़ ही है."

त्याच्याकडे बातम्या नव्हत्याच. हेलिकॉप्टर आणि स्फोट, एवढंच. मी यांना म्हटलं, "चला. आपल्याला काय घरात हेलिकॉप्टर उतरवायचंय?" मराठीत म्हटलं, अर्थात.

आता हे तुला सांगायलाच हवं, तू पुण्यात राहतेस, तुला कळणार नाही. इथे आम्हा मराठी माणसांची बाजारात एक रीत आहे. दुकानदाराशी हिंदी, आणि त्याच्या समोरच, त्याच्या तोंडावर, आपसात मराठी. आवाजही खाली करायचा नाही, कुजबुजलं की संशय येतो. "आवडल्यासारखं दाखवू नका", "याच्या मागे ठेवलेला बघायला मागा", "हा थापा मारतोय, उठा". भाजीचा भाव सांगितल्यासारखा चेहरा ठेवून बोलायचं. इथल्या तीस-चौतीस वर्षांत आम्ही असेच कूलर घेतले, सोफा घेतला, लेकीच्या लग्नाच्या साड्या घेतल्या. घरात भिंतीपलीकडे शेजारी असतात, जिन्यात भाभी असतात. बाजारात चारशे माणसांत आम्ही दोघंच. मला तर कधीकधी वाटायचं, आमचं खरं एकान्ताचं बोलणं बाजारातच होतं.

दुसरं दुकान एका सरदारजींचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, दाढी पिकलेली, बोलणं हळू. "आइए सर जी, बैठिए आंटीजी," म्हणाला आणि चहा मागवला. मी लगेच सावध. न मागता चहा पाजणारा दुकानदार म्हणजे नंतर उठू न देणारा दुकानदार.

"गोड बोलतोय, जपून," मी यांना म्हटलं. यांची मान हलली.

त्याने तीन बार काढून टेबलावर मांडले. यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि वॅट, तारा, जोडण्या विचारायला सुरुवात केली. तो सगळ्याचं उत्तर देत होता, आणि जे माहीत नव्हतं तिथे "पता नहीं सर, देख के बताऊँगा" म्हणत होता. यानेही माझा संशय वाढला. इतका प्रामाणिक कोण असतं?

"मिशीतल्या मिशीत हसतोय बघा," मी म्हटलं. "नक्की काहीतरी लपवतोय. जुना माल पुसून ठेवला असेल. आणि पोट बघा केवढं, रोज गिऱ्हाईकांबरोबर दहा-दहा चहा पीत असणार."

सरदारजीने चहाचा कप हळूच खाली ठेवला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

यांनी बातम्या लावायला सांगितल्या. त्याने लावल्या. एक बार, मग दुसरा, मग तिसरा. हे प्रत्येकाला म्हणायचे, "थोड़ा और." तो वाढवायचा. "थोड़ा और." मी भिंतीशी बसले होते. तिसऱ्या बारला माझे कान दुखायला लागले, आणि हे अजून कपाळाला आठ्या घालून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. जणू दाराआडचं बोलणं ऐकतायत. मग म्हणाले, "साफ़ नहीं है. पिछली तरफ़ देखता हूँ," आणि टेबलापलीकडे जाऊन, आमच्याकडे पाठ करून, वाकून मागची भोकं बघायला लागले.

तेव्हा कोण जाणे काय झालं मला. घरात जे तोंडातून निघत नव्हतं, ते तिथे निघालं. बाजारच होता ना, आमची हक्काची जागा. मी उठून दोन पावलं पुढे गेले आणि मराठीत म्हटलं, "अहो, खरं सांगा. तुम्हाला ऐकू येत नाही ना? मी रागावणार नाही. लेकीला वाटतंय तुम्ही तिच्यावर रुसलात. मला एकटीला तरी सांगा."

हे वाकलेलेच. बोटाने काहीतरी चाचपत म्हणाले, "अगं, याला जोडण्या दोन दिल्यात."

माझे कान अजून घुमत होते, म्हणून मला वाटलं, बातम्यांच्या गोंगाटात गेलं असेल. एवढ्यात शेजारून कोणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "काकू, आवाज मी मघाशीच बंद केला."

पडद्यावर बातम्या देणारी बाई नुसती ओठ हलवत होती. दुकानात शांतता होती. रिमोट सरदारजीच्या हातात होता, आणि तो मराठी बोलला होता. स्वच्छ, नगरकडची मराठी.

ज्याच्यापासून लपवायचं म्हणून इतकी वर्षं मराठीत बोललो त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. आणि ज्याच्यासाठी बोलले, तो चार हातांवर असून त्याच्यापर्यंत एकही अक्षर पोचलं नव्हतं.

"तुम्हाला... मराठी?"

"वडील फौजेत होते, काकू. माझी दहावी नगरला झाली."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही माझ्याच पोटाबद्दल बोलत होता. मधे कसं बोलणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला. पण तो हसला नाही. यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "माझे वडील तोफखान्यात होते. रिटायर झाल्यावर टीव्ही मोठा लावायला लागले. माझं दुकानच स्पीकरचं. मी एकाहून एक मोठा स्पीकर घरी नेत गेलो. ते म्हणायचे, वा, छान. नंतर कळलं, ते ऐकत नव्हते, मी आणला म्हणून समोर बसत होते. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. काकू, आज हा बार नेऊ नका. आधी कान दाखवा."

तरी माझा स्वभाव बघ. डोळे भरलेले, आणि डोक्यात आलं, माल विकायला नकार देणारा दुकानदार कुठे असतो? याचा नक्की कानाच्या मशिनवाल्याशी हिस्सा असणार. म्हणून खडा टाकून पाहिला. "कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?" मला वाटलं, आता खिशातून कार्ड निघेल.

"कुठल्याही," तो म्हणाला. "सरकारी मोठं हॉस्पिटल आहे ना इथे. फक्त लवकर जा."

कार्ड नव्हतं. संशय घ्यायला आता माणूसच उरला नाही.

हे सरळ झाले, हात झटकत म्हणाले, "क्या बोल रहे हो दोनों?" सरदारजी म्हणाला, "कुछ नहीं सर जी, आंटीजी सोच के बताएँगी."

बाहेर पार्किंगजवळ झाडाखाली बाक आहे, तिथे यांना बसवलं. मी शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले, तोंड दिसेल अशी. म्हटलं, "आत मी तुम्हाला काहीतरी विचारलं. दुकानात आवाज बंद होता. सरदारजींनी ऐकलं, तुम्ही नाही."

"काय विचारलंस?"

मी पुन्हा विचारलं. शब्दाला शब्द तेच. या वेळी पोचलं. मला वाटलं, आता उठून जातील. गेले नाहीत. डायरी काढली, मागच्या बाजूने उघडली आणि माझ्या हातात दिली. तिथे बारीक अक्षरात रकाने आखलेले. एका बाजूला टीव्ही, फोन, लेकीचा गोल स्पीकर. दुसऱ्या बाजूला सूर, खालपासून वरपर्यंत, आणि पुढे, ऐकू आला तर बरोबरची खूण, नाहीतर फुली.

"तू दुपारी भजनाला गेलीस की तपासायचो," हे म्हणाले. "फोनवर सूर वाजवता येतात. आधी वाटलं टीव्ही खराब. मग तेच सूर दुसऱ्यावर लावून पाहिले. मग तिसऱ्यावर. फुल्या सगळीकडे त्याच जागी आल्या." एका फुलीवर बोट ठेवलं. "तीन यंत्रं एकाच जागी चुकत नाहीत गं. मीच चुकत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"वरचे सूर आधी जातात. बायकांचे आवाज, मुलांचे. हिचा आवाज पहिला गेला." हिचा म्हणजे लेकीचा. "फोनवर ती काय म्हणते ते कळत नाही, आणि काहीतरीच उत्तर दिलं तर ती हसते. म्हणून तुझ्याकडे द्यायचो. मला वाटलं, एखादा चांगला बार मिळाला तर भागेल. तुम्हाला कोणाला कळायच्या आत."

इतके महिने मी यांच्यावर पाळत ठेवत होते, आणि हे माझ्यापासून लपून स्वतःवर. तिथे बाकापाशी आम्ही काय बोललो ते तुला सांगत नाही. मराठीत बोललो आणि आजूबाजूला बघून बोललो, एवढंच.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन करून मी सगळं सांगितलं. ती रडली, मग बापावर चिडली. "मतलब मैं इतने दिन सोचती रही मैंने क्या किया!" मी म्हटलं, हे तू त्यांना समोर येऊन सांग, फोनवर नाही ऐकू येणार.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही म्हणाल्या, पण राहिलेलं वापरता येईल. आता दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत, शेंगदाण्याएवढी. पहिले आठ दिवस हे वैतागले होते. भांडी इतकी वाजतात कशी, वर्तमानपत्र इतकं कडकडतं का, मी चालताना चप्पल का घासते. त्या यंत्रांनाही तारा नाहीत, फोनवरून आवाज कमी-जास्त होतो. त्यामुळे माझा नवा संशय असा, की मी बोलायला लागले की यांचा हात खिशात जातो. विचारलं तर म्हणतात, रुमाल शोधतोय.

महिन्याभराने आम्ही त्या सरदारजीकडे पुन्हा गेलो. यांनी त्याला मराठीत विचारलं, "हिने त्या दिवशी माझ्या पाठीमागे काय काय म्हटलं तुमच्याबद्दल?" तो म्हणाला, "सर, ते दुकानाचं गुपित." सगळ्यात छोटा बार घेतला, तो वेगळा घुमणारा डबा नसलेला, आणि ज्यात बोलणं उठून यायला एक बटण आहे असा. तूही तेच बघ. रोज जे ऐकतेस तेच दुकानात लावायला सांग, घरी जितक्या लांब बसतेस तितक्याच लांब बस, आणि बिनतारेचा घेतलास तर ओठ आणि शब्द बरोबर चालतायत की मागेपुढे, ते बघून घे. हेलिकॉप्टर दाखवायला लागला की ऊठ.

टीव्ही आता वीसवर असतो. पण खरं सांगू का, बार काय आणि कानातलं यंत्र काय, फोनवरचा आवाज यांना अजून तुटकच येतो. तुझं बोलणं अर्धं पोचतं, बाकीचं हे अंदाजाने भरतात. समोर माणूस बसलं की मात्र पुरतं ऐकतात. लेक दिवाळीला येऊन गेली. दोन तास बाप-लेक समोरासमोर, ती हिंदीत, हे मराठीत, एकदाही "काय?" म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरातून मोजत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, वय वाढेल तसं आणखी थोडं कमी होत जाईल. किती आणि कधी, ते नाही सांगितलं. तेव्हा तुझा आवाज यांना आता येतोय तेवढ्यात ये. थंडीत इथलं ऊन छान असतं, समोरच्या बागेत खुर्च्या टाकून बसू, यांच्यासमोर बस आणि तुझ्या नोकरीचं, घराचं, सगळं सांग. पण लवकर ये हं.